टॉवर आला, मराठी गेली: एका तालुक्याच्या दूरदर्शन केंद्राचं प्रकरण

गावाचं नाव लिहीत नाही. पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं ठिकाण, सिंहगडापासून सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटर, मधे डोंगरांच्या दोन रांगा. एवढं पुरे. माणसंही इथे नावाने न येता कामाने येतील: टॉवरवरचे तंत्रज्ञ (त्यांना नाना म्हणू), दूध संघाचे सचिव, केबलवाला, मुख्याध्यापक.

दूरदर्शनचा इतिहास बहुतेक वेळा दिल्लीच्या मंडी हाउसमधून, म्हणजे दूरदर्शनच्या मुख्यालयातून सांगितला जातो. मंत्री कोण होते, मालिका कोणती लागली, जाहिरातींतून किती पैसे आले. पण देशातल्या बहुसंख्य लोकांपर्यंत ही वाहिनी पोचली ती अशाच एखाद्या टेकडीवरच्या लोखंडी मनोऱ्यातून. त्या मनोऱ्याच्या पायथ्याशी उभं राहून पाहिलं की तोच इतिहास जरा वेगळा दिसतो. म्हणून हे प्रकरण.

पार्श्वभूमी

दूरदर्शनची सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत झाली. प्रयोग म्हणूनच, आठवड्यातून दोन दिवस. रोजचं प्रक्षेपण सुरू व्हायला १९६५ उजाडलं आणि दुसऱ्या शहरात पाऊल पडायला १९७२. ते दुसरं शहर मुंबई, तारीख २ ऑक्टोबर. पुढच्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभं राहिलं आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं. तोवर ते आकाशवाणीच्याच घरातलं धाकटं भावंड होतं.

आपल्या गावात पहिले टीव्ही आले ते याच सुमारास. एक डॉक्टरांकडे, एक कापडवाल्या व्यापाऱ्याकडे, एक साखर कारखान्याच्या अतिथिगृहात, मग आणखी काही. चाळीस फुटी लोखंडी पाइप, त्याला चार बाजूंनी तारेचे ताण, टोकाला अॅल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना आणि खाली क्षीण लहरी वाढवणारा बूस्टर. तोंड सिंहगडाकडे. अँटेना लावायला तीन माणसं लागत. एक गच्चीवर पाइप फिरवणारा, एक जिन्यात निरोप्या, एक टीव्हीसमोर. ‘आलं का?’, ‘आलं, आलं... थांब... गेलं!’ हा संवाद ज्याने ऐकला नाही त्याला त्या काळचं दूरदर्शन सांगून कळणार नाही. चित्र म्हणजे निम्म्या मुंग्या. थंडीतल्या रात्री बरं यायचं, पावसाळ्यात नुसता आवाज. पण जे यायचं ते मराठी असायचं. मराठी बातम्या, मराठी नाटकं आणि दूध संघाच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ‘आमची माती आमची माणसं’. संघाच्या कार्यालयातल्या टीव्हीपुढे त्या वेळेला शेतकरी सतरंजीवर बसत. मुंग्यांसकट बघत.

मग १९८२ आलं. वसंतराव साठे माहिती व नभोवाणी मंत्री होते. विदर्भातला हा माणूस रंगीत टीव्हीसाठी हट्टाला पेटलेला. गरीब देशाला हे चोचले कशाला, असं म्हणणाऱ्यांशी तो भर सभागृहात भांडला. १५ ऑगस्ट १९८२ ला दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, नोव्हेंबरात आशियाई खेळ रंगीत दिसले. इन्सॅट-१ए हा उपग्रह एप्रिलमध्ये वर गेला खरा, पण सप्टेंबरातच निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ ला इन्सॅट-१बी अमेरिकी अवकाशयानातून वर गेला आणि तो टिकला. आता दिल्लीतून एकदा वर पाठवलेलं चित्र देशात कुठेही खाली उतरवता येणार होतं. उतरवायला हवी होती एक जाळीची मोठी छत्री, शंभर वॉटचा छोटा प्रक्षेपक, एक मनोरा आणि दोन खोल्या. याला म्हणायचं लघुशक्ती प्रक्षेपण केंद्र. पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. १९८४ मध्ये काही महिने असे गेले की देशात जवळजवळ रोज एक असं केंद्र सुरू होत होतं. सरकारी कामाचा असा वेग मी तरी पुन्हा पाहिलेला नाही.

त्यातलंच एक आपल्या गावाच्या टेकडीवर आलं.

अडचण

केंद्र सुरू झालं तेव्हा गाव हरखून गेलं, आणि त्यात काही चूक नव्हती. साध्या काठीला बांधलेल्या चार काड्यांच्या अँटेनावर काचेसारखं चित्र. बूस्टर नको, ताण नकोत. टीव्हीचं दुकान नसलेल्या गावात वर्षभरात दोन दुकानं झाली. इंदिराजींचा अंत्यविधी, ३ नोव्हेंबर १९८४, नगरपालिकेच्या सभागृहात टीव्ही ठेवून दाखवला गेला तेव्हा बाहेर रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. ‘हम लोग’ जुलैपासूनच सुरू होतं. ते न पाहिलेला माणूस आता गावात गावंढळ ठरू लागला.

पण गच्चीवर चढून पाहिलं तर एक गोष्ट लक्षात आली असती. अँटेनांची तोंडं फिरली होती. आधी सगळी सिंहगडाकडे, आता सगळी टेकडीकडे. कोणत्या घरात कोणती भाषा दिसते हे गच्चीवरून सांगता आलं असतं. टॉवर दिल्लीचं प्रक्षेपण घेत होता, कारण उपग्रहावर तेच होतं. मुंबई केंद्र वरळीच्या मनोऱ्यावरून आणि सिंहगडावरून बोलत होतं. या टेकडीचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता. दोन्ही ठेवू म्हणणाऱ्यांची वेगळी पंचाईत झाली. बूस्टर लावला की जवळच्या टॉवरच्या जोरदार लहरींनी चित्र फाटायचं, काढला की मुंबई यायचं नाही. महिना-दोन महिने झटापट करून लोकांनी उंच पाइप उतरवले. काहींनी त्यांचे गोठ्याला खांब केले.

हे सगळ्यांत आधी बोचलं दूध संघाच्या सचिवांना. सतरंजीवरची माणसं कमी झाली. आता चित्र स्वच्छ होतं, पण कार्यक्रम हिंदीत, शेतीचा असला तरी गहू आणि मोहरीचा. इथे ऊस, ज्वारी आणि संकरित गायी.

यंत्रात बिघाड नव्हता, कर्मचारी चोख होते, केंद्र ठरवल्याप्रमाणे चाललं होतं. अडचण ठरवण्यातच होती. हे केंद्र ऐकून पुन्हा बोलणारं होतं, स्वतःचं बोलण्यासाठी त्याच्याकडे काहीच नव्हतं. स्टुडिओ सोडा, एक मायक्रोफोनही नाही. नाना गमतीने म्हणायचे की आमचा टॉवर म्हणजे निरोप्या आहे, घरातला माणूस नाही.

समोर असलेले पर्याय

सचिव, नगराध्यक्ष आणि नाना यांच्या दोन-तीन बैठका झाल्या. एक तर नगराध्यक्षांच्या घरी, चहावर, म्हणजे त्याचं इतिवृत्त वगैरे काही नाही. चार मार्ग बोलले गेले.

पहिला अगदी घरगुती: संघाने स्वतःच्या कार्यालयावर साठ फुटी अँटेना उभारायचा आणि सिंहगड पकडायचा. घरोघरी जमणार नाही ते एका जागी जमेल. खर्च संघाचा, परवानगीची कटकट नाही.

दुसरा, सरकारला सांगायचं की मुंबईहून इथवर सूक्ष्मलहरींची साखळी टाका. मोठ्या केंद्रांना अशी जोडणी मिळत होती. शंभर वॉटच्या केंद्रासाठी डोंगरा-डोंगरावर मनोरे कोण उभारणार? नानांनी तिथेच मान हलवली.

तिसरा म्हणजे वाट पाहायची. आज ना उद्या मुंबईचे कार्यक्रमही उपग्रहावर चढतील.

चौथा सचिवांच्या डोक्यातला होता आणि या प्रकरणाचा जीव त्यातच आहे.

सचिव काही वर्षांपूर्वी दुग्धव्यवसायाच्या प्रशिक्षणाला आणंदला जाऊन आले होते. तिथून जवळच, खेडा जिल्ह्यात पिज नावाचं गाव आहे. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभर भारताला वापरायला मिळाला होता आणि सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून शिक्षणाचे, शेतीचे कार्यक्रम दाखवले गेले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता, गुजरातही नव्हता. पण अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने त्याच वेळी पिजला एक किलोवॉटचा प्रक्षेपक बसवून खेडा जिल्ह्यापुरता वेगळा प्रयोग मांडला. टीव्ही संच ठेवले दूध मंडळ्यांत, म्हणजे जिथे गावातला माणूस सकाळ-संध्याकाळ येणारच. कार्यक्रम चरोतरी या तिथल्याच गुजराती बोलीत. कॅमेरा घेऊन माणसं गावात जायची, शेतमजुरांना त्यांच्या मजुरीबद्दल बोलायला लावायची आणि ते बोलणं त्याच जिल्ह्यात दिसायचं. सचिवांनी एका मंडळीत हे डोळ्यांनी पाहिलं होतं. एका बाईने सावकाराचं वागणं पडद्यावर सांगितलं आणि पाहणाऱ्यांत तो सावकारही बसलेला होता, ही हकिगत ते शेवटपर्यंत सांगत. (हकिगतीला थोडं मीठ-मसाला लागला असेल. पण अशी हकिगत घडू शकेल अशी सोय तिथे होती, हे खरं.)

तर सचिवांचं म्हणणं असं: आपल्याला पिज नको, पिजचा अर्धा तास हवा. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, दिल्लीचं प्रक्षेपण सुरू व्हायच्या आधी. मुंबई केंद्राने शेतीच्या कार्यक्रमाच्या फिती एसटीने पाठवाव्यात, त्या टॉवरवरून लावाव्यात. जमलं तर महिन्यातून एकदा आपल्या तालुक्याचं काही.

नानांनी तांत्रिक बाजू सांगितली, ती दोन वाक्यांची होती. प्रक्षेपकाला चित्र आणि आवाज लागतो. तो छत्रीतून आला की व्हीसीआरमधून आला, त्याला कळत नाही. एक तार काढून दुसरी लावायची.

पण नानांचा विरोध होता, आणि तो विरोध भित्र्या कारकुनाचा नव्हता. फीत लावायचा अधिकार कुणाचा? आज शेतीची लागेल, उद्या नगराध्यक्षांच्या वाढदिवसाची. समोर डिसेंबर १९८४ ची लोकसभा निवडणूक होती. टॉवरच्या फाटकाला एक कुलूप आणि पाळीवर दोन माणसं. कुणी पुढारी फीत घेऊन वर आला तर त्याला नाही म्हणणार कोण? वर बसलेल्यांनी केंद्रांना बोलायची मुभाच दिली नाही, याचं एक कारण हीच भीती होती आणि ती निराधार नव्हती. दुसरं कारण मात्र सोयीचं होतं. बोलणारी केंद्रं म्हणजे निर्माते, कॅमेरे, संपादन, माणसं. ऐकणारं केंद्र महिन्याभरात उभं राहतं.

देशपातळीवर नेमका हाच वाद चालू होता. दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा विचार करायला पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गटाने १९८४ मध्ये अहवाल दिला. त्यांचा रोख उघड होता: यंत्रांवर खर्च होतोय, आशयावर नाही, आणि पडद्यावर जो भारत दिसतो तो दिल्लीतून दिसणारा आहे. आपल्या तीन माणसांनी हा अहवाल ऐकलाही नव्हता. एका तालुक्याच्या गावात, चहाच्या कपावर, ते त्याच प्रश्नाशी झटत होते.

काय केलं

पहिला आणि तिसरा. म्हणजे सोपा आणि फुकटचा.

संघाने साठ फुटी अँटेना उभारला. दोन वर्षं बरा चालला. मग वैशाखातल्या एका वळवाने तो शेजारच्या पत्र्यावर आडवा केला आणि नवीन संचालक मंडळाने पुन्हा खर्च करायला नकार दिला.

नगरपालिकेने ठराव करून पाठवला. त्यात मागणी होती ‘मुंबई केंद्राचे सर्व मराठी कार्यक्रम’ या टॉवरवरून दाखवावेत अशी. माझ्या मते खरी चूक इथे झाली, आणि ती दिल्लीची नाही, गावाची. सगळं मागितलं. जे मिळणं त्या वेळच्या तंत्रात अशक्य होतं ते मागितलं, आणि जे एका तारेच्या अंतरावर होतं, तो अर्धा तास, त्याचा ठरावात उल्लेखही नाही. सचिवांनी आग्रह धरला होता, पण नाना गप्प राहिले आणि नगराध्यक्षांना ‘मुंबई’ हा शब्द ठरावात भारदस्त वाटला. उत्तर आलं की मागणीची नोंद घेतली आहे. सरकारी मराठीत याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

पिजचं काय झालं? त्या प्रकल्पाला युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला आणि १९८५ मध्ये तिथला प्रक्षेपक काढून दुसरीकडे हलवला गेला. बक्षीस मिळालेल्या पोराची शाळा बदलावी तसं. सचिवांना हे कळलं तेव्हा त्यांनी विषय सोडून दिला.

टॉवरचे सोन्याचे दिवस

या काळाबद्दल जरा थांबून लिहायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की टॉवर गावाला नकोसा होता.

जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी गावात कर्फ्यू. अशाच एका रविवारी, भाग सुरू व्हायला दहा मिनिटं असताना टेकडीची लाईट गेली. गावाची होती; टेकडी वेगळ्या फिडरवर, म्हणजे वेगळ्या वीजवाहिनीवर होती. ही मोठी पंचाईत, कारण गावातले सगळे टीव्ही चालू आणि सगळ्यांवर फक्त मुंग्या. नानांनी जनरेटर फिरवला, तो खोकून बंद पडला. डिझेल तळाला. त्यांनी पाळीवरच्या पोराला कॅन देऊन सायकलवर पिटाळला, पण तो उतारावर असतानाच खालून माणसं वर येताना दिसली. आधी पंधरा-वीस, मग मोजता येईनात इतकी. कुणी अंघोळ अर्धी टाकून, एक आजोबा हातात फुलांची परडी घेऊन. टीव्हीला हार घालायचा राहिला होता. शिव्या देणारे होते, पाया पडणारेही होते. शेवटी एकाने आपल्या ट्रॅक्टरच्या टाकीतून नळीने डिझेल काढून दिलं. प्रक्षेपण अठरा मिनिटं उशिरा सुरू झालं. वनवासाचा अर्धा प्रसंग गेला म्हणून पुढचा आठवडाभर नानांना बाजारात टोमणे.

गाव टॉवरवर चढून आलं ती ही एकच वेळ. दिल्लीचं चित्र अडलं म्हणून आलं. मराठी गेली तेव्हा कुणी चढलं नव्हतं, हे सचिव नंतर बोलून दाखवत.

केबल आणि गावाचा आवाज

पुढे मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रमही उपग्रहावरून राज्यातल्या छोट्या केंद्रांना ठरावीक वेळेपुरते मिळू लागले. १५ ऑगस्ट १९९४ ला तर आज जिला सह्याद्री म्हणतात ती स्वतंत्र मराठी उपग्रह वाहिनीच आली. वाट पाहण्याचा पर्याय फळला, असं कुणी म्हणेल. पण फळ हातात पडेपर्यंत हात दुसरीकडे गेले होते.

गावातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानदाराच्या भाच्याने आधी व्हीसीआरवर गल्लीपुरती तार टाकली होती. १९९१ मध्ये स्टार आलं, २ ऑक्टोबर १९९२ ला झी. त्याने छत्री घेतली, तारा वाढवल्या, दोन-तीन वर्षांत निम्मं गाव त्याच्या तारेवर. १९९५ च्या केबल कायद्याने दूरदर्शन दाखवणं त्याला बंधनकारक झालं, म्हणून तो टेकडीकडे तोंड केलेल्या जुन्या काड्यांवर टॉवरचं चित्र पकडून तारेतून घरोघरी पाठवू लागला. शंभर वॉटचा सरकारी प्रक्षेपक आता एका केबलवाल्यापुरता बोलत होता, बाकीचे त्याच्याकडून ऐकत होते.

आणि त्याने ते केलं जे टॉवरने कधी केलं नाही. एका मोकळ्या क्रमांकावर स्वतःची वाहिनी काढली. गणपतीची मिरवणूक, शाळेचं स्नेहसंमेलन, बाजार समितीचे भाव हाताने लिहिलेल्या पाटीवर, नगरपालिकेची मतमोजणी. मधे वाढदिवसाच्या शुभेच्छा, पैसे घेऊन. नगराध्यक्षांचा वाढदिवस तर होताच. नानांची भीती अक्षरशः खरी ठरली. तरी लोकांनी वाहिनी पाहिली, कारण तिच्यावर आपला भाचा, आपली गल्ली, आपला बैल दिसत होता. बाजारभावाच्या पाटीसाठी दूध संघाने त्याला जाहिरात दिली. ती सही सचिवांची, निवृत्तीच्या आदल्या वर्षीची.

दूरदर्शनमध्ये या दशकात वर बरंच काही चाललं होतं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. दूरदर्शन आणि आकाशवाणी एका स्वायत्त महामंडळाकडे देणारा, १९९० मध्ये संमत झालेला प्रसार भारती कायदा १९९७ मध्ये एकदाचा अमलात आला. टेकडीवर यातलं काहीच पोचलं नाही. पगारपत्रकावरचं नाव बदललं, इतकंच.

बंद करण्याचा निर्णय

१६ डिसेंबर २००४ ला दूरदर्शनने स्वतःची घरगुती छत्रीची सेवा सुरू केली. एकदा छत्री घ्यायची, महिन्याचं भाडं नाही. तेव्हापासून टॉवरचा हिशेब संपलाच होता. उपग्रहावरून थेट घरात येत असेल तर मधे निरोप्या कशाला? २०१६ मध्ये सोळा शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं, तालुक्यांचा त्यात प्रश्नच नव्हता. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसार भारतीने जाहीर केलं की जवळजवळ सत्तर टक्के अॅनालॉग प्रक्षेपक बंद झालेच आहेत. मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक सोडून उरलेले ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. त्याच लाटेत आपला टॉवर गेला.

निर्णय चुकीचा होता असं मला वाटत नाही. अँटेनावर टीव्ही पाहणारं घर त्या पल्ल्यात शोधून सापडलं नसतं. वीज, डिझेल, माणसं, सुटे भाग न मिळणारं यंत्र. मात्र त्याआधीच्या वर्षातली एक गोष्ट नोंदवायला हवी.

२० जुलै २०२० पासून सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. शाळा बंद होत्या आणि पहिली ते आठवीच्या मुलांसाठी रोज टीव्हीवर पाठ. गावाच्या आसपासच्या वाड्यांत मोबाइलची रेंज नव्हती, कित्येक घरांत खासगी कंपनीच्या छत्रीचं भाडं थकलेलं. जिल्हा परिषदेच्या एका मुख्याध्यापकांनी वहीत यादी केली: कुणाकडे टीव्ही आहे, कुणाच्या छत्रीला सह्याद्री येतं, कोणतं मूल कुणाच्या घरी बसेल. त्या यादीत बऱ्याच नावांपुढे ‘टीव्ही आहे, छत्री बंद’ असं होतं. टॉवर तेव्हा चालू होता. वर माणसं पाळीवर होती, वीज होती, प्रक्षेपण चालू होतं, राष्ट्रीय वाहिनीचं. मुख्याध्यापक निवृत्त नानांना भेटले आणि विचारलं, तुमच्या टॉवरवरून सह्याद्री लावता येईल का? चार काड्यांचा अँटेना आम्ही पोरांना करायला शिकवू.

नानांनी सांगितलं की वाहिनी बदलायला मिनिट लागेल आणि हुकूम यायला वर्ष. तोवर शाळा उघडतील. मुख्याध्यापकांनी अर्ज केला नाही. मी असतो तर केला असता, असं आता लिहिणं सोपं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

१९८४ मधला अर्धा तास. सगळं फिरून तिथेच येतं. नानांची भीती खरी होती, पण तिच्यावर उपाय होता: फीत फक्त मुंबई केंद्राची, शिक्का मारलेली, वेळापत्रकात आधी छापलेली. तालुक्याचं स्वतःचं काही दाखवण्याचा हट्ट सचिवांनी पहिल्या वर्षी सोडला असता तर नानांच्या विरोधाला जागा उरली नसती. आणि ठरावात ‘आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येकी तीस मिनिटं, एक व्हीसीआर’ असं लिहिलं असतं तर नाकारणाऱ्याला निदान कारण द्यावं लागलं असतं. मोठ्या मागणीची नोंद घेता येते; छोट्या मागणीला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

दिल्लीच्या बाजूने पाहिलं तर दोनशे ठिकाणी निर्माते नेमणं खरंच शक्य नव्हतं. पण पिज हातात होतं. ते हलवण्याऐवजी प्रत्येक राज्यात तसं एक ठेवलं असतं, आणि आजूबाजूच्या छोट्या टॉवरांनी दिल्लीऐवजी दिवसातला तासभर त्याचं ऐकलं असतं, तर केबलवाला आला तेव्हा त्याच्यासमोर स्पर्धक असता.

१९९५ ची संधी लहान होती, तरी होती. कायद्याने केबलवाल्यावर दूरदर्शन दाखवण्याचं बंधन घातलं. उलट दिशेने, गावच्या वाहिनीवरचा बाजारभाव रोज पाच मिनिटं टॉवरवरून का नाही, असं कुणी विचारलंच नाही. वाड्यांवर तारा पोचल्या नव्हत्या, टॉवर पोचत होता.

बंद करताना जागेचा विचार झाला असता तर तेही चाललं असतं. देशात काही ठिकाणी अशाच छोट्या टीव्ही केंद्रांच्या जागी आकाशवाणीचे शंभर वॉटचे एफएम प्रक्षेपक बसले आहेत. इथे मनोरा, वीज, कुंपण, रस्ता सगळं होतं.

सध्या टेकडीवर पहाटे लोक फिरायला जातात. मनोऱ्याच्या सावलीत पोरं रील करतात. गावातल्या छत्र्या सगळ्या आग्नेयेला तोंड करून असतात, त्यामुळे कोणत्या घरात काय दिसतं ते आता गच्चीवरून कळत नाही.

नानांकडे त्यांची स्वतःची एक डायरी आहे. केंद्राची नोंदवही सरकारी, ती त्यांच्याकडे नाही. पण रोजच्या पाळीच्या नोंदी ते घरी येऊन डायरीतही उतरवत. मी ती चाळली. पानांमागून पानं तेच: सिग्नल आला, सिग्नल गेला, फिडर, जनरेटर, पाऊस, सिग्नल आला. कार्यक्रमाचं नाव कुठे नाही, गावाचंही नाही. फक्त १९८७ च्या एका रविवारी, अठरा मिनिटांच्या खाड्यापुढे, तिरक्या अक्षरात लिहिलंय: ‘गावकरी वर आले होते.’